मोहोराच्या दिवसांत काजळीच्या खोऱ्यात



उसाला तुरा आला की आपल्या पोटात गोळा येतो. फडावर पांढरे तुरे डोलू लागले की रस्त्याने जाणारा म्हणतो, "काय झकास दिसतंय!" आणि फडाचा मालक मात्र चिटबॉयच्या मागे तोडीसाठी लागतो. तुरा आला म्हणजे वाढ थांबली. पुढे फड उभा राहिला तर कांडीत दशी पडते, डोळ्यांना पांगशा फुटतात, वजन घटते आणि साखरही उतरते. थोडक्यात, आपल्या धंद्यात फूल म्हणजे नुकसानीची चिठ्ठी.

घाट उतरून रत्नागिरीकडे गेले की सगळा हिशोब उलटा. तिथला बागायतदार दिवाळीपासून रोज झाडाचा शेंडा बघतो आणि फुलाची वाट पाहतो. मोहोर आला तर वर्ष आले, नाही आला तर वर्ष गेले. शेतकरी तोही आणि शेतकरी आपणही, पण एका फुलाने एकाची झोप उडते नि दुसऱ्याची झोप फुलाविना उडते!

हापूस खायला एप्रिल-मे महिन्यांत कोकणात सगळेच जातात. परंतु मोहोर पाहायला म्हणून फारसे कोणी जात नाही. ज्या गटांचा ऊस लवकर तुटून गेला त्यांच्यापैकी आम्ही काही सभासद माघ महिन्यात दोन दिवस काढून आंबा घाटाने रत्नागिरीस जाऊन आलो. जे पाहिले, ऐकले आणि विचारून घेतले ते सर्व सभासदांच्या उपयोगी पडावे म्हणून येथे देत आहोत.

घाटावरून खलाटीपर्यंत

कोल्हापूर ते रत्नागिरी हे अंतर सुमारे १३० किलोमीटर. बांबवडे, मलकापूर करीत गाडी शाहूवाडी तालुक्याच्या टोकाला आंबा गावी येते. गावाचे नाव आंबा, घाटाचे नाव आंबा, परंतु हापूसचे राज्य अजून लागलेले नसते. इथे दाट झाडी, थंड हवा आणि पावसाळ्यात न थांबणारा पाऊस. याच डोंगररांगेत एका अंगाला विशाळगड आणि पावनखिंड. सकाळी लवकर पोहोचलात तर खालचे सगळे खोरे धुक्याने दुधासारखे भरलेले दिसते. आम्हाला ते दृश्य फार आवडले. पण हेच धुके खालच्या बागायतदाराला कसे दिसते, ते पुढे कळले.

घाट उतरताना उजाड फांद्यांवर काटेसावर आणि पांगारा लाल फुलांनी पेटलेले असतात. करवंदीच्या जाळ्यांत बारीक पांढरी फुले दिसू लागलेली असतात. या डोंगरांतले पाणी गोळा करीत काजळी नदी पश्चिमेकडे निघते, साखरप्याजवळून वाहते आणि शेवटी रत्नागिरी शहराच्या दक्षिणेला भाट्याच्या खाडीत समुद्राला मिळते. आपल्या वारणा-कृष्णेला समुद्र गाठायला पार आंध्रापर्यंत जावे लागते. ही नदी मात्र डोंगरातून निघून एका जिल्ह्यातच आपला संसार आटोपते. तिचे खोरे म्हणजेच आमच्या सहलीचा रस्ता.

घाटाच्या पायथ्याचे मोठे गाव साखरपा. नाव ऐकून आमच्यातले एक आबा म्हणाले, "आपलंच गाव दिसतंय!" गावात साखर कारखाना नाही, पण मान मोठा आहे. देवरुखजवळच्या मार्लेश्वराचा विवाह दरवर्षी मकरसंक्रांतीला होतो तो साखरप्याच्या गिरिजादेवीशी. देवाची वरात-यात्रा उरकते त्याच सुमारास खोऱ्यातल्या झाडांवर मोहोराची गडबड सुरू झालेली असते.

कोकणचे लोक आपल्या मुलखाचे दोन भाग करतात. डोंगराकडची ती वलाटी आणि समुद्राकडची ती खलाटी. साखरपा, देवरुख ही वलाटी. इथे भात, नाचणी, काजू आणि जुने रायवळ आंबे जास्त. रायवळ म्हणजे कोयीपासून उगवलेले झाड, उंच आणि ऐसपैस, प्रत्येकाची चव निराळी. नाणीज, पाली, हातखंबा मागे टाकीत पुढे जावे तसे रान उघडे होते, तांबडा जांभा दगड वर येतो आणि रांगेत लावलेली बुटकी, डेरेदार कलमे दिसू लागतात. रत्नागिरी शहरातून भाट्याचा पूल ओलांडला की फणसोप, गोळप, पावस या पट्ट्यात तर जिकडे पाहावे तिकडे कलमेच कलमे.

साधारणपणे किनाऱ्याकडचा आंबा आधी येतो आणि आतल्या भागातला मागून. त्यामुळे एकाच दिवसाच्या प्रवासात मोहोराच्या सगळ्या पायऱ्या पाहायला मिळतात. वर वलाटीत शेंड्याचा डोळा नुकताच फुगून बोंगा फुटत असतो. मधल्या पट्ट्यात पिवळसर, तांबूस छटेचे तुरे भरात असतात. खाली खलाटीत फुले झडून राईएवढी, ज्वारीएवढी कणी धरलेली असते, तर कुठे सुपारीएवढी बारीक कैरीही झुलत असते. त्याच वेळी फणसाच्या बुंध्याला कोवळे फणस चिकटलेले आणि काजूच्या टोकांना बारीक गुलाबी रेघांची फुले.

आणि वास! आपल्याकडे आंबेमोहोर भाताला ते नाव का पडले हे कोणाला सांगावे लागत नाही. पण एका आंब्याचा वास निराळा आणि डोंगराच्या अख्ख्या उतारावरचा वास निराळा. सकाळी आठ-नऊच्या सुमारास ऊन चढू लागले की वास दाटतो आणि झाडाखाली उभे राहिले तर माश्यांचा, मधमाश्यांचा एकसारखा गुणगुणाट ऐकू येतो. महाशिवरात्रीला महादेवाला मोहोर वाहण्याची चाल आहे ती उगीच नव्हे.

एका मोहोराचा हिशोब

पावसच्या बाजूला एका बागायतदारांनी आम्हाला सकाळपासून दुपारपर्यंत बाग हिंडून दाखवली. वय साठीच्या पुढे, बोलणे बेताचे. आमच्या आबांनी अंदाज घेण्यासाठी विचारले, "पाव्हणं, एका झाडाला किती फुलं म्हणायची?"

ते हसून म्हणाले, "फुलं मोजून काय करणार? फुलं लाखांनी असतात हो, आंबे शेकड्यांनी मिळतात. तेही मिळाले तर."

हे बोलणे गमतीचे वाटले तरी शास्त्राला धरून आहे. आंब्याच्या एका तुऱ्यावर शेकड्यांपासून हजारांपर्यंत फुले असतात. त्यांतली बहुतेक नर फुले. त्यांना फळ धरायचेच नसते. ज्यात नर आणि मादी दोन्ही भाग आहेत अशी संयुक्त फुले थोडी, आणि हापूसमध्ये त्यांचे प्रमाण आणखी कमी. या थोड्यांवर कीटकांनी पराग आणून टाकावा तेव्हा कणी धरते. धरलेल्या कणीपैकी बहुतेक वाटाण्याएवढी होईपर्यंत गळून पडते. शेवटी हजार फुलांमागे एखाददुसरे फळ हाती आले तरी झाडाने चांगले काम केले असे समजायचे. पुष्कळ तुरे तर रिकाम्या काड्या होऊन राहतात.

आपण उसाची टिपरी लावतो, तेव्हा किती डोळे फुटले, किती फुटवे राहिले याचा अंदाज बांधून टनाचा आकडा काढतो. तो आकडा चुकला तर थोडा चुकतो. आंब्यात मात्र फुलापासून फळापर्यंतच्या ११०-१२० दिवसांत आकडा रोज बदलतो.

हापूसच्या बाबतीत आणखी दोन अडचणी आहेत. पहिली, हे झाड लहरी आहे. एक वर्ष भरून आले की दुसऱ्या वर्षी विसावा घेते. दुसरी, पुनर्मोहोर. थंडी लांबली की ज्या काडीवर कणी धरली आहे तिथेच झाड पुन्हा नवा मोहोर काढते. लांबून पाहणारा खूश होतो, पण अन्नरस नव्या मोहोराकडे वळतो आणि आधीची धरलेली बारीक फळे गळून जातात. पहिला आंबा बाजारात चढ्या भावाने जातो, नेमका तोच हातचा जातो. यावर दापोलीच्या कृषी विद्यापीठाने जिब्रेलिक ॲसिडच्या फवारणीची शिफारस केलेली आहे. "फूल आलं म्हणून रडणारे आम्हीपण आहोत," असे ते बागायतदार म्हणाले, तेव्हा आम्हाला आमचा तुरा आठवला.

मोहोराचे वैरी

मोहोर आला म्हणजे भागले असे नाही. खरे काम तिथून सुरू होते. पहिला वैरी तुडतुडा. गव्हाच्या दाण्यापेक्षाही लहान, पाचरीसारखा किडा. झाडाजवळ गेले की तुडतुड आवाज करीत उडतो. कोवळी पालवी आणि मोहोर यांतला रस तो शोषतो. मोहोर वाळतो, कणी गळते. शिवाय त्याच्या अंगातून चिकट गोड रस पडतो, त्यावर काळी बुरशी वाढते आणि पाने, फळे काजळी धरल्यासारखी काळी होतात. याला तिकडे 'खार पडणे' म्हणतात.

दुसरा वैरी भुरी. पीठ भुरभुरल्यासारखी पांढरी बुरशी मोहोरावर पसरते आणि तुरा बघता बघता झडतो. घाटावरून आम्हाला दुधासारखे दिसलेले धुके इथे कामाला येते. ढगाळ हवा, दव आणि दमटपणा म्हणजे बुरशीला पर्वणी. त्यामुळे सकाळी डोंगराकडे पाहून आपण 'वाहवा' म्हणतो तेव्हा खाली कोणीतरी पंपात पाणी भरत असतो. त्यात करपा आहे, अलीकडच्या वर्षांत फुलकिड्यांचा त्रास वाढला आहे, आणि मागाहून वानर-माकडांच्या टोळ्या आहेत.

विद्यापीठाचे फवारणीचे वेळापत्रक पालवीपासूनच सुरू होते आणि पुढे बोंगा, मोहोर, कणी, वाटाणा अशा टप्प्यांनी चालते. यातली एक सूचना आम्हाला महत्त्वाची वाटली. मोहोर पूर्ण फुललेला असताना कीटकनाशकाची फवारणी शक्यतो टाळावी. कारण ज्या माश्या आणि मधमाश्या पराग वाहतात त्याच मरतात. वैऱ्याला मारताना मजूर मारून टाकल्यासारखे होते. आपल्याकडे भुईमूग, सूर्यफूल, भाजीपाला करणाऱ्यांनीही हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

सगळ्यांवर कडी करतो तो अवकाळी पाऊस. भरातल्या मोहोरावर एक जोराची सर आली की पराग धुऊन जातो आणि मागून भुरी येते. वादळांचे तर विचारूच नका. नोव्हेंबर २००९ मध्ये 'फयान' आले. ३ जून २०२० रोजी 'निसर्ग' चक्रीवादळाने दापोली-मंडणगडकडच्या बागा मुळासकट आडव्या केल्या. त्याचे दुःख ओसरते न ओसरते तोच मे २०२१ मध्ये 'तौक्ते' किनाऱ्याला घासून गेले, तेही आंबा झाडावर असताना. वादळाने ऊस लोळला तर आपण तो उचलून, काही घट सोसून गाळपाला देतो. चाळीस वर्षांचे कलम पडले तर चाळीस वर्षे पडतात.

तहानेचे पीक

आमच्या मंडळींना सर्वांत नवल वाटले ते जमिनीचे. आपण जिला जमीन म्हणतो ती तिथे नाहीच. काळा-तांबडा जांभ्याचा कातळ, मे महिन्यात तव्यासारखा तापणारा. या कातळात सुरुंग लावून खड्डे काढायचे, दुरून माती आणून भरायची आणि त्यात कलम लावायचे. चारी बाजूंना १० मीटर अंतर, म्हणजे एकरी सुमारे ४० झाडे. आमच्यातला एकजण म्हणाला, "आमच्यात एकराला चाळीस टन, तुमच्यात चाळीस झाडं!" पहिली पाच वर्षे नुसते जगवायचे. लहान कलमांना डोक्यावरून पाणी नेऊन घातलेल्या बायामाणसांच्या श्रमावर या बागा उभ्या आहेत. १९९० नंतर रोजगार हमीतून फळबाग योजना आली, तेव्हा कोकणातले कितीतरी ओसाड कातळ आंबा-काजूने हिरवे झाले.

आता पाण्याची गंमत पाहा. रत्नागिरीला वर्षाला ३,००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. आपल्याकडच्या पूर्व भागातल्या गावांना इतका पाऊस पाच-सहा वर्षांत मिळून पडत असेल. तरी उन्हाळ्यात तिथल्या वाड्यांना टँकर लागतो, कारण पाणी कातळावरून थेट समुद्राला जाते. परंतु आंब्याचा मोहोर याच कोरडेपणातून येतो. पाऊस थांबला, ऑक्टोबरचे ऊन तापले, मुळाशी ओल कमी झाली आणि वर थंडी पडली की झाड पाने वाढवायचे सोडून फुलाला लागते. या दिवसांत झाडाला पाणी दिले तर पालवी फुटते आणि मोहोर हुकतो. म्हणून मोहोराआधी बागायतदार हात बांधून बसतो. झाड सुकलेले दिसले तरी पाणी देत नाही. झाडाच्या वाढीला आवर घालून मोहोर लवकर आणण्यासाठी पॅक्लोब्युट्राझॉल हे औषध पावसाळ्यात मुळाशी घालण्याची पद्धतही आता रूढ आहे. मात्र प्रमाण सोडून वर्षानुवर्षे वापरले तर झाड थकते, असे जाणते बागायतदार सांगतात.

आपल्याला ही गोष्ट जड जाते. आपण ऊसवाले. पाळी आली की दारे धरायचे, गरज असो वा नसो. कॅनॉलचे पाणी आले आणि आपण घेतले नाही तर वाया गेल्यासारखे वाटते. त्याचे फळ काय मिळाले तेही आपण पाहतो. शिरोळ, मिरज, वाळवा या भागांत एकेकाळच्या सोन्यासारख्या जमिनी क्षारपड होऊन पडल्या आहेत. तिकडे झाडाला खार पडतो, तर औषधाने एका हंगामात आवरतो. आपल्याकडे जमिनीला खार पडतो, तो निघायला चर खणावे लागतात, पाइप पुरावे लागतात, वर्षे जातात आणि पैसाही जातो. पाणी केव्हा द्यायचे हे जसे ज्ञान आहे, तसे केव्हा द्यायचे नाही हेही ज्ञानच आहे. हे आम्ही कातळावर उभे राहून शिकलो. ठिबक बसवायचे की नाही असा वाद अजून घरात चालू असलेल्या सभासदांनी एकदा ही बाग पाहून यावे.

काट्याविना विकणारे शेतकरी

दुपारी पडवीत बसून पैशाच्या गोष्टी निघाल्या. आपल्या उसाची नोंद होते, तोड येते, काट्यावर वजन होते. एफ.आर.पी.चा दर सरकार ठरवते आणि १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे १४ दिवसांत बिल देण्याचे बंधन आहे. ते बिल वेळेवर मिळते की नाही यावर आपण सभेत भांडतो, आणि भांडावेच. पण भांडायला सभा आहे, समोर काटा आहे, पुस्तकात आपले शेअर्स आहेत.

आंब्याचे तसे नाही. पेटी भरायची, रात्री गाडीत चढवायची, ती पहाटे वाशीच्या बाजारात उतरते. दर तिथे ठरतो, पट्टी मागाहून येते. माल पिकू लागलेला असतो, परत आणता येत नाही. ज्याच्याकडे फवारणीला, राखणीला, खोक्यांना पैसा नाही तो मोहोरावरच बाग व्यापाऱ्याला कराराने देऊन मोकळा होतो. पुढे बाग लागली तर व्यापाऱ्याचा फायदा, गेली तर पुढच्या वर्षी कमी पैशात करार. फूल अजून झाडावर आहे तोवरच शेतकऱ्याने आपले वर्ष विकलेले असते.

मजुरीचाही प्रश्न आपल्यासारखाच. आपल्याकडे बीड-नगरकडून तोडणीच्या टोळ्या येतात, तसे तिथे नेपाळहून कामगार येतात. पावसाळा संपला की येतात, साफसफाई, फवारणी, राखण, काढणी करून पावसाच्या तोंडाला परत जातात. हिमालयाच्या पोटातला माणूस कोकणातल्या मोहोराची राखण करतो आणि मराठवाड्यातला माणूस आपल्या ओट्यापुढचा फड तोडतो. दोघांच्याही लेकरांच्या शाळेचा प्रश्न तोच.

सहकाराचे प्रयत्न तिकडे झालेच नाहीत असे नाही. २०१८ मध्ये कोकणच्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळाले. ते दापोलीचे डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठ आणि देवगड, रत्नागिरी, केळशी येथील उत्पादकांच्या संस्था यांनी मिळून मिळविले. आता परराज्यातला आंबा 'रत्नागिरी हापूस' म्हणून विकणे कायद्याने चूक आहे. पण शिक्का मिळणे वेगळे आणि प्रत्येक लहान बागायतदाराने नोंदणी करून तो पेटीवर लावणे वेगळे. ते एकेकट्याने होत नाही.

निघताना त्या बागायतदारांनी आम्हाला विचारले, "तुमच्याकडे सगळे एकाच कारखान्याला ऊस घालतात, मग तुमच्यात भांडणं होत नाहीत?"

आबा म्हणाले, "होत्यात की! पण भांडून झाल्यावर बी काटा तिथंच असतोय."

यावर आम्ही सगळे हसलो. पण परतीच्या वाटेवर घाट चढताना गाडीत तोच विषय चालला होता. १९५० साली प्रवरेच्या काठी विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी शेतकऱ्यांचा कारखाना सुरू केला, तेव्हा आपल्या आजोबा-पणजोबांची स्थिती या मोहोर विकणाऱ्या शेतकऱ्याहून निराळी नव्हती. गुळाचा भाव पेठेत ठरायचा आणि पट्टी मागाहून यायची. आज आपल्याला काट्याची इतकी सवय झाली आहे की तो नसता तर काय, हा विचारच मनात येत नाही.

तुऱ्यालाही मान आहे

एक गोष्ट तुऱ्याच्या बाजूनेही सांगितली पाहिजे. आंब्याचा 'रत्ना' हा वाण १९८१ साली प्रसिद्ध झाला. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्रात नीलम आणि हापूस यांच्या संकरातून तो निघाला. तो दरवर्षी येतो आणि त्यात साका धरत नाही. पुढे १९९२ मध्ये अगदी पातळ कोयीचा 'सिंधू' आला. एका झाडाच्या फुलातला पराग कुणीतरी हाताने दुसऱ्या झाडाच्या फुलावर नेऊन ठेवला आणि मग वर्षानुवर्षे वाट पाहिली, तेव्हा हे झाले.

आपला ऊसही असाच निघाला आहे. को ८६०३२ काय किंवा पाडेगावचा फुले २६५ काय, सगळे तुऱ्यातूनच जन्मले. वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटने ऊस पैदाशीचे केंद्र काढले तेही सह्याद्रीच्या माथ्यावर, कोकणच्या तोंडाशी, आंबोलीला. कारण तिथल्या हवेत उसाला तुरा चांगला येतो. म्हणजे आपण ज्याला नुकसान म्हणतो त्याचीच तिथे जपणूक होते, आणि त्यातले बी दहा-बारा वर्षांनी आपल्या सरीत येते.

कोणी जावे, केव्हा जावे

जानेवारीच्या शेवटापासून फेब्रुवारीअखेरपर्यंत गेल्यास मोहोराच्या सर्व अवस्था पाहावयास मिळतात. वर्षाच्या थंडीप्रमाणे पंधरा दिवस पुढेमागे होते, म्हणून आधी चौकशी करून निघावे. सकाळी लवकर आंबा घाट उतरावा, साखरपा-पाली मार्गे दुपारी रत्नागिरी. पहिल्या दिवशी लोकमान्य टिळकांचे जन्मस्थान, १९१० साली बांधून झालेला थिबा राजवाडा आणि पतितपावन मंदिर पाहून मुक्काम करावा. दुसऱ्या दिवशी भाट्याचे प्रादेशिक नारळ संशोधन केंद्र पाहावे. तिथली 'लाखी बाग' आपल्या लोकांनी मुद्दाम पाहण्यासारखी आहे. नारळाच्या दोन झाडांमधल्या जागेत जायफळ, दालचिनी, मिरी लावून एकाच जमिनीतून तीन-चार उत्पन्ने कशी काढतात ते समजते. नंतर पावसला स्वामी स्वरूपानंदांच्या समाधीचे दर्शन घेऊन आसपासच्या बागा पाहाव्यात.

काही सूचना अवश्य पाळाव्यात. विचारल्याशिवाय कोणाच्या बागेत शिरू नये. मोहोर तोडू नये, फांदी वाकवून फोटो काढू नये. तुटणाऱ्या एका तुऱ्यामागे कोणाचे तरी चार महिने आहेत. फवारणी नुकतीच झालेली असेल तर झाडाखाली बसून भाकरी सोडू नये. आणि विडी-काडी तर अजिबात नको. या दिवसांत कातळावरचे गवत वाळून कोळ झालेले असते आणि दरवर्षी वणव्यात आंबा-काजूच्या बागा जळतात.

परत येताना पुष्कळांना कलमे आणण्याचा मोह होतो. कातळावरचा आणि खाऱ्या वाऱ्याचा हापूस आपल्या काळ्या रानात तसाच येईल अशी आशा धरू नये. देशावर केशर चांगला साधतो. बांधाला, विहिरीकडेला दोन-चार केशर लावावेत, आणि एक लक्षात ठेवावे. दिवाळीनंतर त्या झाडांकडे उसाचे पाणी जाऊ देऊ नये. झाडाला जरा तहान लागू द्यावी, मग माघात बांधावर काय वास सुटतो ते पाहावे.

आता यंदाच्या उन्हाळ्यात बाजारात हापूसची पेटी दिसेल. भाव ऐकून आपण म्हणू, "लई महाग बुवा!" म्हणावे. पण घासाघीस करण्यापूर्वी पेटीवरचे मानांकन बघावे, आणि शक्य तर चार घरांनी मिळून थेट बागायतदाराकडून अगर त्यांच्या संस्थेकडून मागवावी. काट्याचे मोल ज्याला कळले आहे त्या सभासदाने काटा नसलेल्या शेतकऱ्याला एवढा हात द्यायला हरकत नाही.